गहू सोसत नाही तेव्हा: सिलिअॅक आजार आणि आपलं दस्तरख्वान

"पोरगं खातं-पितं, पण अंगी काही लागत नाही." हे वाक्य आपल्या घरांत ऐकलं नाही असा कोणी नसेल. मग कुणी जंताचं औषध सुचवतं, कुणी म्हणतं नजर लागली, कुणी टॉनिकची बाटली आणून देतं. बहुतेक वेळा कारण साधंच निघतं. पण काही मुलांचं पोट फुगलेलं राहतं, हातपाय काडीसारखे होतात, जुलाब थांबत नाहीत, उंची वर्ष-वर्ष हलत नाही. औषधाने चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच. अशा मुलांपैकी काहींना सिलिअॅक नावाचा आजार असतो. त्यांना आजारी पाडणारी वस्तू रोज त्यांच्याच ताटात असते, ती म्हणजे गहू.

या आजारावर लिहायचं आम्ही ठरवलं त्याला कारण आहे. यावर आज गोळी नाही, इंजेक्शन नाही, ऑपरेशन नाही. इलाज स्वयंपाकघरात होतो, आणि तो आजारी माणूस एकटा करू शकत नाही. अम्मी, दादी, सासू, जाऊ, दावतीला बोलावणारे नातेवाईक, रिश्ता घेऊन येणारे, या सगळ्यांना आजार समजला नाही तर डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद कपाटातच पडून राहतो.

आतड्यात काय घडतं

गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. कणीक मळल्यावर तिला जो चिवटपणा येतो, नान तुटताना ताणला जातो, पाव फुगतो, तो याच ग्लुटेनमुळे. बहुतेकांना त्याचा काही त्रास नाही. पण सिलिअॅक असलेल्या माणसाची रोगप्रतिकारशक्ती ग्लुटेनला पाहून बिथरते आणि स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते.

लहान आतड्याच्या आतल्या बाजूला बारीक बोटांसारखे उंचवटे असतात. अंग पुसायच्या टॉवेलावर जसे धाग्यांचे फासे असतात तसे समजा. फाशांमुळे टॉवेल जास्त पाणी टिपतो, तसं या उंचवट्यांमुळे आतडं अन्नातलं लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं, स्निग्ध पदार्थ शोषून घेतं. हल्ल्यात हे उंचवटे झिजतात आणि शेवटी सपाट होतात. मग तुम्ही त्या मुलाला बदाम द्या, खजूर द्या, यखनी पाजा. पोटात जातं, पण रक्तात पुरेसं उतरत नाही. "अंगी लागत नाही" हा शब्दप्रयोग या आजाराला इतका फिट्ट बसतो की याहून नेमकं वर्णन आम्हाला सुचत नाही.

हा संसर्गाचा आजार नाही. एका ताटात जेवल्याने, एका ग्लासातून पाणी प्यायल्याने कुणाला लागत नाही. नेहमीच्या अर्थाची अॅलर्जीही ही नाही. गव्हाची अॅलर्जी वेगळी. तिच्यात खाल्ल्यावर थोड्याच वेळात अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं, दम लागणं असं होतं. सिलिअॅकमध्ये नुकसान हळूहळू, महिनोन्‌महिने चालतं. म्हणूनच तो लपून राहतो.

मूळ आनुवंशिक आहे. डीक्यू२ आणि डीक्यू८ अशी ज्यांची नावं आहेत ते जनुकांचे प्रकार असल्याशिवाय हा आजार जवळपास होतच नाही. पण हे जनुक शंभरातल्या तीस-चाळीस लोकांत असतात आणि आजार त्यातल्या मोजक्यांनाच होतो. त्यामुळे आईने गरोदरपणात काय खाल्लं, कुणी काय केलं, असा दोष कुणाच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

गव्हाशी याचा संबंध कसा कळला ती गोष्ट सांगण्यासारखी आहे. आजाराचं वर्णन लंडनच्या सॅम्युअल गी या डॉक्टरांनी १८८८ सालीच केलं होतं, आणि खाण्यातूनच काहीतरी बिघडतंय अशी त्यांची अटकळ होती. पण नेमकं काय, ते कळत नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, लोक ट्यूलिपचे कंद खाऊन जगत होते. पाव मिळेना. विलेम डिके नावाच्या बालरोगतज्ज्ञांना आधीपासूनच गव्हाचा संशय होता. त्यांना दिसलं की सगळा देश उपाशी असताना सिलिअॅकची मुलं मात्र सुधारली. पाव पुन्हा मिळायला लागला तशी ती परत आजारी पडली. १९५० साली त्यांनी आपला प्रबंध मांडला, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत इंग्लंडमधल्या संशोधकांनी दोषी ग्लुटेनच असल्याचं दाखवून दिलं.

"हा गोऱ्यांचा आजार, आपल्याकडे कुठे?" असं अजूनही ऐकू येतं. दिल्ली परिसरातल्या एका पाहणीत, जी २०११ साली प्रसिद्ध झाली, साधारण ९६ माणसांमागे एकाला सिलिअॅक आढळला. २०१६ साली आलेल्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासात, रक्ततपासणीनुसार उत्तर भारतात शंभरात एकाहून थोडं जास्त प्रमाण दिसलं, तर दक्षिणेत हजारात एक. दक्षिणेत ताटात भात असतो, उत्तरेत रोटी, हा फरक त्यामागे आहेच. आपला महाराष्ट्र दोन्हींच्या मधला. कोकणात तांदूळ, मराठवाडा-सोलापूरकडे ज्वारी, खानदेशात ज्वारी-बाजरी अशी आपली जुनी ताटं होती. आता खेडोपाडी चपाती, पाव, खारी आणि बिस्किट पोचलंय.

फक्त पोटाचा आजार नाही

लहान मुलांत बहुधा वरचं जेवण सुरू होऊन त्यात गहू आल्यानंतर काही महिन्यांत लक्षणं दिसू लागतात. जुलाब, उलटी, फुगलेलं पोट, चिडचिड, वजन न वाढणं. काही मुलांना उलट बद्धकोष्ठ असतं. काहींना पोटाचं काहीच नसतं, फक्त उंची कमी राहते किंवा वयात यायला उशीर होतो. दातांच्या वरच्या थरावर खड्डे किंवा डाग पडतात, तेही एक लक्षण असू शकतं.

मोठ्यांमध्ये हा आजार आणखी वेगळ्या वेषात येतो. सर्वांत नेहमीचा वेष म्हणजे अॅनिमिया. लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊनही हिमोग्लोबिन नऊच्या वर जात नाही. आपल्याकडे बाईचं रक्त कमी असणं म्हणजे जणू ठरलेलीच गोष्ट. "बायकांना असतंच," म्हणून विषय संपतो. आमचं म्हणणं एवढंच आहे, की गोळ्या नीट घेऊनही रक्त वाढत नसेल, पाळीतून किंवा मूळव्याधीतून जास्त रक्त जात नसेल, तर डॉक्टरांना सिलिअॅकची तपासणी करायची का, असं स्वतःहून विचारावं.

याशिवाय सततचा थकवा, तोंडात वारंवार येणारे फोड, हातापायांना मुंग्या, कमी वयात हाडं ठिसूळ होणं, लिव्हरच्या रिपोर्टमध्ये कारण न सापडणारी वाढ, कोपर-गुडघे-कुल्ल्यांवर प्रचंड खाजणारे फोड. वारंवार गर्भपात होणं किंवा मूल न राहणं यामागेही काही वेळा हा न सापडलेला आजार निघतो. कितीतरी सुनांना वांझपणाचे टोमणे ऐकावे लागतात. त्यांच्यापैकी कुणाच्या रक्ताची ही एक तपासणी झाली असेल?

दुर्लक्ष केलं तर काय होतं, तेही स्पष्ट सांगितलं पाहिजे. हाडं झिजून किरकोळ पडण्याने फ्रॅक्चर होतं. मुलाची वाढीची वर्षं निघून गेली की ती उंची पूर्ण भरून येत नाही. काहींची प्लीहा कमजोर होते आणि न्यूमोनियासारख्या संसर्गाचा धोका वाढतो, म्हणून न्यूमोकॉकल लसीबद्दल डॉक्टरांना विचारावं. वर्षानुवर्षं ग्लुटेन खात राहिलेल्यांत लहान आतड्याच्या एका प्रकारच्या कॅन्सरचा धोकाही वाढतो. हा कॅन्सर दुर्मीळ आहे, घाबरून जायचं कारण नाही, पण "थोडंफार चालतं" म्हणणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा.

तपासणीआधी गहू बंद करू नका

या लेखातली एकच गोष्ट कुणाच्या लक्षात राहणार असेल तर ही राहावी. संशय आला, शेजारणीने सांगितलं, मोबाइलवर व्हिडिओ पाहिला आणि लगेच चपाती बंद केली, असं करू नका. तपासणी शरीराची ग्लुटेनवरची प्रतिक्रिया शोधते. ग्लुटेनच बंद केलं तर काही महिन्यांत रक्तातल्या अँटिबॉडी उतरतात, आतडं भरून यायला लागतं आणि आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. मग खरं काय ते कळायला पुन्हा काही आठवडे गहू खाऊन त्रास काढावा लागतो.

पहिली तपासणी रक्ताची: टीटीजी-आयजीए. तिच्यासोबत एकूण आयजीए किती आहे तेही पाहतात, कारण काही लोकांच्या शरीरात आयजीए मुळातच कमी असतं आणि त्यांचा रिपोर्ट फसवा येतो. टीटीजी वाढलेलं निघालं तर पुढे एंडोस्कोपी करून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून बारीक तुकडे काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. दुर्बिणीचं नाव ऐकून घरचे घाबरतात, विशेषतः लहान मूल असेल तर. ही प्रक्रिया थोड्या वेळाची असते आणि मुलांना भूल देऊन करतात. मुलांच्या बाबतीत टीटीजी नॉर्मलच्या दहापटीहून जास्त असेल आणि दुसरी एक अँटिबॉडी तपासणीही पॉझिटिव्ह आली, तर काही वेळा तज्ज्ञ बायोप्सीशिवायही निदान करतात. तो निर्णय मात्र पोटविकारतज्ज्ञांचा किंवा बालरोगतज्ज्ञांचा, आपला नाही.

जनुकांची तपासणी सगळ्यांना लागत नाही. तिचा उपयोग "नाही" म्हणायला होतो. ते जनुक नसतील तर सिलिअॅक जवळपास नाहीच.

आपल्याकडे आणखी एक घोळ होतो. वजन घटतंय, जुलाब आहेत, रक्त कमी आहे, म्हणजे आतड्याचा टीबी, असा संशय पटकन येतो. टीबी आपल्याकडे आहेच, त्यामुळे संशय चूक नाही. पण टीबीची औषधं सुरू असतानाही सुधारणा नसेल तर सिलिअॅकचं नाव डॉक्टरांपुढे काढायला हरकत नाही.

"एवढ्याशानं काय होतं?"

निदान पक्कं झालं की ग्लुटेन बंद. महिन्यापुरतं नाही, बरं वाटेपर्यंतही नाही, आयुष्यभर. आणि इथेच प्रेमळ माणसं नुकसान करतात. "एक घास खा, ईद आहे." "माझ्या हातचं आहे, काही होत नाही." दादीच्या या बोलण्यात दुष्टावा नसतो. पण हिशेब बघा. घरच्या एका मध्यम चपातीत साधारण दोन-अडीच ग्रॅम ग्लुटेन असतं. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन पोटात गेलं तरी आतड्याला इजा होऊ शकते, असं अभ्यासांत दिसलंय. म्हणजे चपातीचा चाळीसावा-पन्नासावा तुकडा. तो घास नव्हे, तो चुरा झाला.

शिवाय खाल्ल्यावर लगेच त्रास झाला नाही म्हणजे सोसलं, असंही नाही. काहींना काहीच जाणवत नाही आणि आत झीज चालू असते.

म्हणून सिलिअॅकवाल्या घरात तवा, परात, लाटणं, चाळणी या गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. कणीक मळलेल्या परातीत ज्वारीचं पीठ मळलं तर गहू आलाच. समोसे तळलेल्या तेलात बेसनाची भजी तळली तरी तेच. स्टीलची भांडी साबणाने नीट घासली की चालतात. लाकडी पोळपाट आणि चिरा पडलेला नॉनस्टिक तवा यांची खात्री देता येत नाही.

सर्वांत मोठी गडबड होते ती गिरणीत. ज्वारी तुम्ही निवडून नेली, पण आधीच्या गिऱ्हाईकाचा गहू त्याच चक्कीत दळला होता. पहिले एक-दोन किलो पीठ त्याच गव्हाने मिसळलेलं येतं. काही गिरण्यांत ज्वारी-बाजरीची चक्की वेगळी असते, तिथे चौकशी करा. जमत असेल तर छोटी घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू कधीच घालू नका. तेही शक्य नसेल तर तांदूळ धुऊन, सुकवून मिक्सरमध्ये थोडा थोडा दळता येतो. कष्टाचं आहे, पण शहरातलं महागडं पाकीट घेण्यापेक्षा परवडतं.

दस्तरख्वानवर काय राहतं, काय जातं

खरं सांगायचं तर आपल्या जेवणातला बराच भाग मुळातच सुरक्षित आहे. मटण, चिकन, मासे, अंडी, डाळी, भाज्या, फळं, दूध-दही, तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, बेसन, साबुदाणा. कोकणातल्या आपल्या घरांत तांदळाची रोटी, घावन, सांदण हे पिढ्यान्‌पिढ्या होतं. त्या मुलाला वेगळं काही करायलाच नको. घरचे शामी कबाब चणाडाळीचे असतात. फिरनी, जर्दा, तांदळाची खीर, सगळं चालतं. घरी केलेली बिर्याणीही चालते.

जातं ते असं: चपाती, नान, शीरमाल, पराठा, पाव, समोसा, नानखटाई, मालपुवा, जिलेबी, शाही तुकडा, रव्याचा हलवा, मलिदा. हे सगळे ओळखीचे चेहरे आहेत, चुकायची भीती कमी. भीती छुप्यांची. निहारीचा रस्सा दाट करायला कणीक लावतात. हलीम आणि खिचड्यात गहू असतो, हलीममध्ये बऱ्याचदा जवही. बाजारच्या सीख कबाबात ब्रेडचा चुरा असू शकतो, आणि बाजारचा तळलेला कांदा कुरकुरीत राहावा म्हणून त्याला मैदा चोळलेला असू शकतो. चायनीजच्या गाडीवरच्या सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो. डबीतल्या हिंगपुडीत मैदा मिसळलेला असतो, काहींत तांदळाचं पीठ. डबीवर वाचून घ्या. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, सातूचं पीठ यांत गहू किंवा जव येतो. दुधात घालून मुलांना देतात त्या माल्टवाल्या पावडरींतला माल्ट जवापासून होतो. ओट्समध्ये गव्हाची भेसळ सर्रास असते, म्हणून निदान सुरुवातीला ते नकोच. अंगणवाडीतून मिळणाऱ्या कोरड्या आहारातही गहू असू शकतो.

तलबीनाबद्दल स्वतंत्र सांगायला हवं. आजारी माणसाला तलबीना द्यायचा हा आपल्याकडे आवडीचा रिवाज आहे, आणि तो सुन्नत म्हणून दिला जातो. पण तलबीना जवाचा असतो. सिलिअॅकच्या पेशंटला तो चालत नाही. ज्याला जव सोसतो त्याच्यासाठी तो उत्तम आहार आहे. या पेशंटसाठी तीच पेज तांदळाची किंवा नाचणीची करून दूध-मध घालून द्यावी.

खपली गहूही आजकाल "पचायला हलका, ग्लुटेन कमी" म्हणून विकला जातो. खपली हा गहूच आहे. दलिया, रवा, शेवया, मैदा हेही गहूच. सेंद्रिय असो की घरच्या शेतातला, फरक पडत नाही.

पाकिटावर "ग्लुटेन-फ्री" लिहिलेलं असेल तर आपल्या देशाच्या अन्नसुरक्षेच्या नियमाप्रमाणे त्यात किलोमागे २० मिलिग्रॅमहून जास्त ग्लुटेन असता कामा नये. परदेशी पाकिटं घेताना आपल्याला दोनदा वाचावं लागतं. ग्लुटेन नाही म्हणजे हलाल आहे असं नाही. जिलेटिन वगैरे बघून घ्या. आणि या पाकिटांच्या नादी फार लागू नये, हे आमचं स्पष्ट मत. बरीचशी स्टार्च, साखर आणि तुपाची असतात. त्यापेक्षा आपल्या शेजारच्या हिंदू भावंडांचा उपवासाचा किराणा बघा. राजगिरा, वरई, शिंगाड्याचं पीठ, साबुदाणा, हे सगळं ग्लुटेनशिवायचं आणि गल्लीच्या दुकानात मिळणारं. सुट्टं पीठ मात्र घेऊ नका, एकाच डावाने सगळी पिठं काढलेली असतात. फक्त भातावर राहणंही बरं नाही. ज्वारी-नाचणीतून चोथा, लोह आणि कॅल्शियम मिळतं.

रमजान, दावत आणि एकच थाळ

निदान नुकतंच झालं असेल, वजन फार उतरलं असेल, रक्त सहा-सातवर असेल, तर रोज्यांची घाई करू नये. आजारी माणसाला रोजे नंतरच्या दिवसांत पुरे करण्याची सवलत सूरह बकरामध्येच दिलेली आहे. आधी डॉक्टरांना विचारा, मग तुमच्या आलिमांशी बोला. तब्येत सावरली, आहार नीट बसला की बहुतेक पेशंट इतरांसारखे रोजे ठेवू शकतात. सोबत टाइप १ मधुमेह असेल तर गोष्ट वेगळी. तिथे डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय काहीच करू नये.

सहेरीला ज्वारीची भाकरी किंवा तांदळाची रोटी, खिमा, अंडी, दही घेतलं तर दिवस निघतो. इफ्तारीत खजूर आणि फळांना काहीच अडचण नाही. भजी वेगळ्या तेलात, आणि समोशांच्या आधी तळावीत. हलीमशिवाय रमजान सुना वाटत असेल तर गव्हाऐवजी तांदूळ किंवा भिजवलेली ज्वारी आणि डाळी घालून घरी करता येतो. घोटायला जरा जास्त वेळ लागतो. शीर-खुर्म्याला तांदळाच्या शेवया मिळतात. पाकिटावर फक्त तांदूळ लिहिलाय ना, तेवढं पाहायचं.

अवघड जातो तो सामायिक थाळ. एका थाळाभोवती बसून जेवण्यात बरकत आहे, आपुलकी आहे. पण नान मोडलेला हात त्याच सालनात बुडतो, आणि त्या सालनातून सिलिअॅकच्या मुलाला ग्लुटेन मिळतं. त्याला वेगळी बशी लागते. ती त्याने मागायची वाट बघू नये, मेजबानाने आधीच काढून ठेवावी. थाळ मधे, त्याची बशी त्याच दस्तरख्वानवर शेजारी. दावतीला जाताना घरून डबा नेला तर कुणी "आमच्या घरचं खात नाही" असा अर्थ काढू नये. शादीच्या मंडपात बावर्चीला देगीतली बिर्याणी सर्वांच्या आधी, स्वच्छ डावाने काढून द्यायला सांगितलं तर तो देतो, फक्त मसाला, हिंग, कांदा बाजारचा आहे का ते विचारून घ्यावं.

शाळेच्या डब्याची अदलाबदल, मदरशाच्या वसतिगृहातलं जेवण, यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी मराठीत किंवा उर्दूत लिहून जबाबदार माणसाकडे द्या. सहा-सात वर्षांच्या मुलाला "हे मला चालत नाही" म्हणायला शिकवता येतं. घरात मोठ्यांनी ते ऐकलं, तर बाहेरही ते म्हणेल.

रिश्ता आणि लपवाछपवी

मुलगी असेल तर सल्ला येतो: कुणाला सांगू नका, रिश्ता यायचा नाही. मग ती सासरी जाते आणि पहिल्या दिवसापासून सगळ्यांसोबत चपाती खाते, कारण नाही म्हणायला कारण द्यावं लागेल. दोन वर्षांत रक्त घटतं. दिवस राहिले तर मूल कमी वजनाचं होण्याचा, वेळेआधी होण्याचा धोका वाढतो. लपवलेली गोष्ट शेवटी दवाखान्यात उघडी पडते, तीही भांडण होऊन.

सिलिअॅक असलेली बाई आहार पाळत असेल तर संसार, बाळंतपण, नोकरी, सगळं इतरांसारखं करते. तिला रोज औषध लागतंच असं नाही, लागते ती भाकरी. हे आधी सांगितलं आणि समोरच्यांनी रिश्ता नाकारला, तर आमच्या मते त्या घराने मुलीवर एक उपकारच केला. मुलगा असेल तेव्हा मात्र कुणी लपवायला सांगत नाही, हेही लक्षात येतं.

पुढची वर्षं

ग्लुटेन बंद केल्यावर मुलं बहुधा काही आठवड्यांत हसायला-खेळायला लागतात, भूक वाढते. अँटिबॉडी उतरायला मात्र सहा महिने ते दोन वर्षं लागू शकतात, आणि मोठ्या माणसांचं आतडं भरून यायला त्याहूनही जास्त. सुरुवातीला दूध सोसत नाही, कारण दूध पचवणारं एन्झाइम त्याच झिजलेल्या थरात असतं. काही महिन्यांनी बहुतेकांना सोसू लागतं. दरम्यान लोह, फॉलिक अॅसिड, बी-१२, डी जीवनसत्त्व आणि कॅल्शियम डॉक्टर सांगतील तसं घ्यावं. मोठ्यांनी हाडांची घनता एकदा तपासून घ्यावी. सहा महिन्यांनी टीटीजी, मग वर्षाला एकदा. आकडा उतरत नसेल तर स्वयंपाकघरात कुठून तरी गहू येतोय, असं आधी समजावं आणि गिरणीपासून शोध सुरू करावा. कुठलंही नवं औषध घेताना त्यात गव्हाचा स्टार्च आहे का, ते केमिस्टला विचारावं.

एकाला सिलिअॅक निघाला की त्याचे आई-वडील, भाऊ-बहीण, मुलं यांचीही रक्ततपासणी करून घ्यावी, त्रास नसला तरी. अशा जवळच्या नातेवाइकांत शंभरातल्या सात-आठ जणांना हा आजार सापडतो. टाइप १ मधुमेह, थायरॉइडचा ऑटोइम्युन आजार किंवा डाउन सिंड्रोम असलेल्यांचीही तपासणी करावी असं तज्ज्ञ सांगतात. आणि रिपोर्ट हातात येईपर्यंत त्यांनी गहू खात राहायचं.